फियाट ११०० डिलाइटच्या हेडलाइटचा उजेड परत कसा आणावा?

डिलाइट७१:

नमस्कार. आमच्या घरी १९७१ ची फियाट ११०० डिलाइट आहे. इंजिन, ब्रेक आणि पत्र्याचे काम टप्प्याटप्प्याने उरकले असून दिवसा गाडी निर्धास्तपणे चालवता येते. अडचण आहे ती दिवस मावळल्यानंतरची. सासवडहून पुण्याकडे येताना दिवे घाट उतरावा लागतो आणि तिथे या गाडीचे हेडलाइट इतके पिवळट व मंद पडतात की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा अगदी जवळ आल्याखेरीज दिसत नाही. वेग कमी झाला की उजेड आणखी बसतो. अप्पर (दूरवर पडणारा उजेड) लावला तरी डिपरच्या (जवळ, खाली पडणाऱ्या उजेडाच्या) तुलनेत फारसा फरक जाणवत नाही.

काच बाहेरून पाहिली तर खालच्या अर्ध्या भागावर दुधट थर आहे आणि बारीक टवके उडालेले आहेत. बल्ब काढून मागच्या भोकातून टॉर्चने पाहिले असता रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या, उजेड पुढे परतवणाऱ्या वाटीचा) वरचा भाग बऱ्यापैकी चकचकीत दिसतो, तळाशी मात्र तपकिरी डाग आहेत आणि उजव्या दिव्यात चकाकीचा थर फोड आल्यासारखा उचलला गेला आहे. बल्ब पी-४५-टी बैठकीचे (होल्डरमध्ये बसणाऱ्या बुडाचा एक जुना प्रकार), ४५/४० वॉटचे, म्हणजे अप्परला ४५ आणि डिपरला ४०, जुनेच आहेत.

आतापर्यंत तीन ठिकाणी विचारले आणि तीन वेगवेगळे सल्ले मिळाले: एकाने काच पॉलिश पेपरने घासून देतो असे सांगितले, दुसऱ्याने सरळ सात इंची एलईडी बसवा म्हटले आणि तिसऱ्याने १००/९० वॉटचे हॅलोजन हातात ठेवले. गाडीने पन्नाशी ओलांडलेली असल्यामुळे २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हीए मालिकेत (जुन्या, व्हिंटेज गाड्यांच्या खास क्रमांकांत) नोंदणी करण्याचा विचार आहे, म्हणून शक्य तोवर मूळ रूप बदलू नये असे वाटते. कामाला सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अप्परडिपर:

तिन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवावेत, कारण त्यांपैकी कोणीही मीटर लावून पाहिलेला दिसत नाही. आपण दिलेल्या वर्णनातच बरीच उत्तरे आहेत.

या बल्बमध्ये उजेड देणाऱ्या दोन तारा (फिलामेंट) असतात. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते आणि तिच्यामुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो. खालचा भाग डिपरच्या वेळी जवळपास निकामीच असतो. अप्परच्या तारेला अशी वाटी नसल्याने ती संपूर्ण रिफ्लेक्टर वापरते. आपल्या रिफ्लेक्टरचा वरचा भाग शाबूत आणि तळ खराब आहे, तेव्हा हिशेबाने डिपर ठीक आणि अप्पर अधू असायला हवा होता. प्रत्यक्षात डिपरही मंद आहे. याचा अर्थ रिफ्लेक्टरखेरीज आणखी काहीतरी उजेड खात आहे आणि पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये ते बहुधा व्होल्टेज असते.

तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, तो साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने घटतो. बल्बपाशी १० टक्के व्होल्ट कमी पोहोचले तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो आणि त्याचबरोबर पिवळाही पडतो. या गाडीत हेडलाइटचा सगळा प्रवाह फ्यूज पेटी, लाइटचा स्विच आणि डिपरचा खटका यांतून फिरून समोर येतो. दोन्ही टोकांना निमुळते असलेले ते जुने फ्यूज ज्या पितळी पट्ट्यांत अडकतात, त्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात. खटक्याचे पॉइंट जळालेले असतात. आणि अर्थिंग बहुतेक वेळा हेडलाइटच्या गंजलेल्या डब्यातून गेलेले असते. प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट गळतात.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन आरामाच्या वेगापेक्षा (आयडलिंगपेक्षा) जरा वर ठेवावे, डिपर लावावा आणि बल्ब जोडलेला असतानाच मोजावे. बल्ब काढून मोजले तर प्रवाह वाहत नसल्याने मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि फसवतो. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या डिपरच्या टोकावर ठेवली की वाटेत किती व्होल्ट गळतात ते थेट दिसते. तसेच बल्बच्या अर्थच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजावे. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर आधी वायरिंग, मग बाकी सगळे.

वेग कमी झाल्यावर उजेड बसतो, त्याचे कारण डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज देणारे जुन्या पद्धतीचे यंत्र. आजच्या गाड्यांतला अल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही चार्ज देतो. डायनॅमो आरामाच्या वेगाला जवळजवळ काहीच देत नाही आणि दिवे निव्वळ बॅटरीवर चालतात. तो त्या काळच्या यंत्रणेचा स्वभाव आहे, त्याला बिघाड समजू नये. मात्र याच कारणासाठी १००/९० चे बल्ब या गाडीत घालू नयेत. अप्परला दोन बल्बचे मिळून २०० वॉट ओढले जातील, शिवाय जुन्या तारा, होल्डर आणि रिफ्लेक्टर तिघेही तापतील. ६०/५५ पेक्षा मोठे हॅलोजन रस्त्यावर नियमात बसत नाहीत, हे वेगळेच.

काचकाम:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. काचेपुरते लिहितो, कारण पॉलिश पेपरचा सल्ला ऐकून राहवले नाही.

आजकालच्या गाड्यांचे हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात. उन्हातील अतिनील किरणांनी त्यांचा वरचा संरक्षक थर मरतो, ते पिवळे पडतात, आणि म्हणून ते ८०० पासून ३००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने टप्प्याटप्प्याने घासून, पॉलिश करून, वर नवा यूव्ही थर चढवतात. (टूथपेस्टने चमकणारे दिवे महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पिवळे होतात, कारण तो शेवटचा थर कोणी देत नाही.) आपल्या फियाटची काच ही खरी काच आहे. काच उन्हाने पिवळी पडत नाही. पॉलिश पेपरवरील कण काचेपेक्षा कठीण असतात, त्यामुळे पेपर फिरवताच चांगल्या काचेवर हजारो ओरखडे उठतील आणि त्यांतून समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा विखुरलेला उजेड वाढेल. कृपया त्या गृहस्थांना गाडीला हात लावू देऊ नका.

दुधट थर बहुधा बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत. काच गाडीवर असतानाच कापडाची घडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून अर्धा तास काचेवर चिकटवून ठेवावी, मग पुसून स्वच्छ पाण्याने धुवावे. ॲसिडचे ओघळ दिव्याभोवतीच्या रिमच्या क्रोमवर रेंगाळू देऊ नयेत. हट्टी थर उरला तर काचेच्या दुकानात मिळणारी सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडने, काच तापू न देता, हळूहळू फिरवावी. एवढ्याने अस्पष्टपणा आणि अगदी नाजूक ओरखडे जातात. टवके जात नाहीत. टवका घासून काढायचा म्हणजे भोवतालची सगळी काच तेवढी खाली आणायची, आणि मग बाहेरचा गोलवाच बिघडतो. टवके थोडे असतील तर तसेच राहू द्यावेत; पन्नास वर्षे चाललेल्या गाडीच्या काचेवर ते शोभतात. फार असतील तर दुसरी काच शोधणे हाच मार्ग. पुण्यात नाना पेठेत आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नजर ठेवल्यास कधीकधी सुट्या काचा हाती लागतात.

आणखी एक. काचेच्या वरच्या अर्ध्या भागात जुन्या रंगाचा काळा ठिपका असेल तर तो पूर्वी समोरच्याला झळ लागू नये म्हणून रंगवून घेत असत. तो ब्लेडने खरवडू नका. थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाने सुटतो.

डिलाइट७१:

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले. बॅटरीच्या टोकांवर १३.२ व्होल्ट असताना डाव्या बल्बच्या दोन टोकांमध्ये ११.९ आणि उजव्या बल्बमध्ये ११.४ व्होल्ट मिळाले. उजवीकडची बरीचशी गळती अर्थच्या बाजूला आहे. काचेवरचा थर सायट्रिक ॲसिडने जवळजवळ पूर्ण गेला. काळा ठिपका खरोखरच होता, धुळीखाली लपलेला!

आता वायरिंग करून घेतोच. परंतु रिफ्लेक्टरचे काय करावे? एका प्लेटिंगवाल्याने क्रोम करून देण्याची तयारी दाखवली आहे.

अप्परडिपर:

आपल्या आकड्यांवरून डावा दिवा आपल्या पूर्ण ताकदीच्या सुमारे ७० टक्के आणि उजवा जेमतेम ६० टक्के उजेड देत आहे. म्हणजे काही न बदलता नुसत्या तारा सुधारल्या तरी घाटात फरक कळेल.

दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विजेचे खटके) बसवा, एक अप्परला आणि एक डिपरला. जुन्या स्विचकडून येणारी तार फक्त रिलेच्या ८५-८६ या टोकांना जाईल, म्हणजे स्विचवरचा भार अगदी किरकोळ उरेल. मुख्य प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे ३० नंबरला आणि ८७ मधून थेट बल्बला. तार २.५ चौरस मिलिमीटरची, प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. अर्थची तार डब्याच्या पत्र्यावर न सोडता बल्बच्या होल्डरपासून चॅसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टवर न्यावी. मूळ वायरिंग कापू नये; जुन्याच टोकांना जोडणी दिली तर उद्या कोणाला गाडी पूर्ववत करायची झाल्यास दहा मिनिटांचे काम राहते. रिले दिसू नयेत असे वाटत असेल तर रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यामागे बेमालूम बसतात.

यानंतर बल्ब पी-४५-टी बैठकीचेच, पण ६०/५५ वॉटचे हॅलोजन घ्यावेत. बैठक तीच असल्याने होल्डर बदलावा लागत नाही, आणि जुन्या ४५/४० च्या तुलनेत अप्परचा उजेड जवळजवळ दुप्पट, डिपरचा साधारण दीडपट मिळतो. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये; लागलेच तर स्पिरिटने पुसावे.

सांगलीकर:

प्लेटिंगच्या धंद्यात असल्याने क्रोमबद्दल स्पष्ट लिहितो: रिमला क्रोम करा, रिफ्लेक्टरला करू नका.

डोळ्याला क्रोम आरशासारखे दिसते, तरी ते पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६० ते ६५ टक्केच परतवते. व्हॅक्यूममध्ये चढवलेले ॲल्युमिनियम ८५ ते ९० टक्के परतवते. चांदी त्याहूनही सरस, पण हवेतील गंधकाने ती काळी पडते आणि मग पुन्हा पुन्हा दिवा उघडावा लागतो. बाजारातील ‘क्रोम स्प्रे’ किंवा रुपेरी रंग तर विचारातही घेऊ नये. रिफ्लेक्टरने प्रकाश ठरावीक दिशेने परतवायचा असतो आणि रंगाचा पृष्ठभाग तो चहूकडे सांडतो.

मूळ थर ॲल्युमिनियमचाच असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. त्यामुळे आतला धुरकटपणा पाहून फडके घालण्याचा मोह टाळावा. धूळ असेल तर हवेच्या फुंकरीने उडवावी. अगदीच गरज पडली तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर सौम्य साबण घालून खळबळून, न पुसता, उलटे ठेवून वाळवावे. आपल्या उजव्या दिव्यात थर उचलला गेला आहे, म्हणजे खाली पत्रा गंजला आहे. त्याला धुण्याने काही होणार नाही.

योग्य काम म्हणजे व्हॅक्यूम मेटलायझिंग. जुना थर काढतात, गंज घालवून पत्रा गुळगुळीत करतात, त्यावर लॅकरचा थर देऊन भट्टीत भाजतात, कारण अंतिम चकाकी या लॅकरच्या सपाटीवर अवलंबून असते. मग हवा काढून टाकलेल्या टाकीत तापलेल्या टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियमची वाफ करतात, ती रिफ्लेक्टरवर जमते, आणि शेवटी अतिशय पातळ पारदर्शक थर देतात. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत हे काम करणारे कारखाने आहेत, फक्त त्यांचे रोजचे गिऱ्हाईक म्हणजे बाटल्यांची झाकणे, खेळणी आणि ट्रॉफ्या. प्लॅस्टिकसाठीचे लॅकर कमी तापमानाला भाजलेले असते आणि हॅलोजनच्या उष्णतेत ते पिवळे पडून तडकते. म्हणून काम देताना ‘गाडीच्या हेडलाइटसाठी, धातूवर, उष्णता सोसणारे लॅकर’ असे आधीच बजावून सांगावे आणि शक्य तर त्यांनी पूर्वी केलेला हेडलाइट पाहावा. दोन नगांसाठी टाकी चालवायला ते कुरकुर करतात. दुसऱ्या मालासोबत घाला, थांबायची तयारी आहे, असे म्हटले की ऐकतात.

काच रिफ्लेक्टरपासून सोडवताना घाई करू नये. कडेला पत्र्याचे कान मुडपलेले असतील तर ते प्लास्टिकच्या पट्टीने थोडे थोडे उचलावेत. हे कान एक-दोनदाच वाकणे सोसतात. चिकटवलेली काच असेल तर दिवा कोमट आणि मग हळूहळू अधिक गरम पाण्यात ठेवून डिंक मऊ करावा. हीट गनने एकाच जागी तापवले तर काच तडकते. परत बसवताना सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचाच घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसेटिक ॲसिड सुटते आणि ते बंद दिव्यात कोंडले की नवे कोरे ॲल्युमिनियम काही दिवसांत धुरकटते. पूर्ण वाळेपर्यंत बल्बचे भोक उघडे ठेवावे. बल्बमागचे रबरी बूट मात्र नवे घालावे, कारण पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी तिथूनच आत शिरते. आपला तळ गंजला तो याच वाटेने.

लेस्टरकर:

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि इथल्या जुन्या गाड्यांवर काम करतो, म्हणून एका धोक्याकडे लक्ष वेधतो. मूळ काच मिळत नाही म्हणून अनेक जण इटलीहून फियाटचे दिवे मागवतात. दिसायला ते हुबेहूब असतात, पण ते उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी घडवलेले असतात. डिपरचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आपल्या कडेच्या बाजूला तो तिरका वर चढतो, म्हणजे पादचारी आणि रस्त्याची कड दिसते. इटालियन काच भारतात लावली तर हा चढ उजवीकडे, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि ते फोकस कितीही फिरवला तरी सुधारत नाही, कारण तो काचेवरील रेघांच्या नक्षीतच असतो.

युरोपीय मानकाच्या दिव्यांवर हे ओळखता येते. डाव्या वाहतुकीसाठीच्या काचेवर आडवा बाण कोरलेला असतो. दिव्यासमोर उभे राहून पाहिले असता तो आपल्या उजवीकडे दाखवतो. बाण नसेल तर दिवा उजव्या वाहतुकीसाठीचा समजावा. ब्रिटनमध्येही वाहतूक डावीकडूनच असल्याने इथले सात इंची दिवे त्या दृष्टीने चालतात, पण घेण्यापूर्वी व्यासाबरोबर मागची खोली आणि बसवण्याच्या कानांची जागा मोजावी. सगळे ‘सात इंची’ सारखे नसतात. काहींचा मागचा भाग डब्याच्या तळाला टेकतो.

एलईडीबद्दल: जुन्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब घालणे मला पटत नाही. रिफ्लेक्टरचा आकार एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो; एलईडीचे ठिपके त्या जागी, त्या आकारात नसतात, आणि झगमगाट वाढूनही दूरचा रस्ता अंधारातच राहतो.

अप्परडिपर:

सांगलीकर यांच्या प्रतिसादातील तांत्रिक भाग अचूक आहे, मात्र क्रमाबाबत माझे मत थोडे निराळे आहे. मेटलायझिंगला किती काळ लागेल आणि कसे उतरेल याची खात्री नसताना मूळ जोडी उघडण्याऐवजी, आधी बाजारात मिळणारी साधी, काचेचीच, डाव्या वाहतुकीची जोडी गाडीला लावावी आणि मूळ जोडी निवांतपणे दुरुस्त करून घ्यावी. अधू दिव्यांनी घाट उतरत राहण्यात मूळपणा जपल्याचे समाधान असले तरी ते सुरक्षित नाही.

सांगलीकर:

याला माझी हरकत नाही. फक्त डावा रिफ्लेक्टर केवळ तळाशी डागाळलेला असेल तर तो उघडूच नये असे सुचवतो. त्याचा डिपर चांगला राहील, आणि एकदा उघडलेला दिवा कारखान्यात बंद केल्यासारखा पुन्हा कधीच बंद होत नाही.

डिलाइट७१:

हे पटले. रिले आणि बल्ब आधी, तोवर नवी जोडी, आणि उजवा दिवा मेटलायझिंगला. शेवटची शंका: नवी जोडी बसवल्यावर फोकस घरीच लावता येतो का, की वर्कशॉपमध्येच जावे लागते?

अप्परडिपर:

घरी लावता येतो. गाडी सपाट जागी, भिंतीला काटकोनात उभी करावी. चाकांतील हवा योग्य असावी आणि चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे, कारण जुन्या स्प्रिंगांवर तेवढ्या वजनानेही पुढचा भाग हलतो. आधी गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंच्या खुणा भिंतीवर खडूने कराव्यात, मग सरळ मागे येऊन काच भिंतीपासून १० मीटरवर आणावी. डिपर लावल्यावर उजेड आणि अंधार यांची आडवी सीमा मध्यबिंदूच्या खुणेपेक्षा १० सेंटिमीटर खाली यायला हवी, आणि डावीकडचा तिरका चढ जिथे सुरू होतो तो कोपरा खुणेच्या समोर. वरचा स्क्रू उंची बदलतो, बाजूचा स्क्रू आडवी दिशा. एका वेळी एकच दिवा लावावा, दुसऱ्यावर कापड टाकावे. मात्र हॅलोजन तापतो, तेव्हा कापड फार वेळ ठेवू नये.

रिम काढताना खालचा स्क्रू गंजून बसलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. डब्याच्या तळाला पाणी निघून जाण्याचे भोक असते आणि ते चिखलाने बुजलेले असते. तेही तारेने मोकळे करून, आतून झिंक प्रायमरचा हात मारून घ्यावा.